उंचीवरचे काम : पट्टा घेताना काय पाहावे

तेरखेडा म्हटले की फटाके. शोभेच्या दारूजवळ ठिणगी नको, हे तेथील लहान पोरही सांगेल. पण मिनार-घुमटाला रंग देणारे आपले कित्येक कारागीर बंधू नुसता कमरेला दोर बांधून चढतात. कमरेचा पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी नसतोच. सारा झटका मणक्यावर येतो. खांदे, छाती व मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेसच घ्यावा. त्यावर आयएसआय चिन्ह व ३५२१ हा मानक क्रमांक पाहावा. युरोपीय मालावर ईएन ३६१ असते.

धागाही विचारून घ्यावा. नायलॉन तेजाबाने खराब होते, पॉलिएस्टरला तीव्र क्षार सोसत नाहीत. म्हणून चुन्याच्या कामाला नायलॉन बरे. ऊन दोघांनाही मारक.

झटका शोषणारी दोरी दोन मीटरपर्यंत असते. पडताना तिची शिवण उसवून ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. तेव्हा पायाशी अडकवल्यास खाली सहा मीटरहून अधिक मोकळी जागा हवी. एकमजली घराच्या गच्चीवर माणूस आधी जमिनीवर पोचेल! तेथे आखूड दोरी डोक्यावरच्या भक्कम कडीलाच अडकवावी. एकदा झटका बसलेला पट्टा शिवून वापरू नये, विकूही नये, कापून टाकावा.