बटणांच्या फोनवरचे व्हॉट्सॲप का गेले?

माण, खटाव, आटपाडी, जत या भागातील शिक्षकांना हा अनुभव आला असेल. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात एखाद्या पालकांचा क्रमांक असतो, पण त्यांना स्वतंत्र पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण राहते. चौकशी करावी तर फोन शाबूत, बॅटरी चांगली, बोलणेही होते. मग बिघडले काय?

असा फोन बहुधा जिओफोन असतो आणि त्यात कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. शाळेत प्रयोगशाळा एक आणि तुकड्या आठ असल्या की वेळापत्रक लावणारे कोणी लागते. फोनमध्येही स्मृती, पडदा, माइक मोजके आणि ते मागणारे कार्यक्रम अनेक. त्यांची वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

कायओएसचे मूळ मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये आहे. 2011 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची कल्पना आम्हाला आजही मोहक वाटते : संकेतस्थळे ज्या भाषेत लिहितात, त्याच भाषेत फोनचे कार्यक्रम लिहायचे. 2014 साली भारतात इंटेक्सने असा फोन अवघ्या 1,999 रुपयांना आणला. पण तो संथ होता, कार्यक्रमही थोडे. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडल्याचे जाहीर केले.

आज्ञावली मात्र सर्वांना खुली होती. कायओएस कंपनीने ती घेतली, स्पर्शाऐवजी बटणांवर बेतली आणि कमी स्मृतीत बसवली. 21 जुलै 2017 रोजी मुंबईत रिलायन्सने जिओफोन जाहीर केला. किंमत म्हणून 1,500 रुपयांची परत मिळणारी अनामत. स्मृती 512 एमबी, म्हणजे तेव्हाच्या साध्या स्मार्टफोनपेक्षाही कमी. सप्टेंबर 2018 मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही बोलून निरोप पाठवता येऊ लागला. आमच्या मते या फोनचे खरे मोल हेच.

पण व्हॉट्सॲपला प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा कार्यक्रम लिहावा आणि सांभाळावा लागतो. लोक अँड्रॉइडकडे वळू लागले; 2021 साली जिओनेच आणलेला नवा फोन अँड्रॉइडवर आधारलेला होता. वापरणारे घटले की कार्यक्रम लिहिणारे हात आखडतात, आणि कार्यक्रम घटले की वापरणारे आणखी घटतात. जून 2024 मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने घेणे बंद झाले. 2025 च्या सुरुवातीस जुन्यांचेही थांबले.

फोनमध्ये आधीच असलेला कार्यक्रम का चालू नये? बोर्डाने अभ्यासक्रम बदलला की जुने पुस्तक फाटत नाही, पण परीक्षेला उपयोगी पडत नाही. निरोप कुलूपबंद करून पाठवण्याचे नियम बदलत राहतात आणि जुन्या नियमांनी बोलणाऱ्या फोनला कंपनीचा सर्व्हर दाद देत नाही. प्रणालीचे मूळ खुले असूनही दुसऱ्या कोणाला हा कार्यक्रम लिहून देता येत नाही, कारण व्हॉट्सॲपची सेवा खुली नाही.

एसएमएसचे नियम सर्व फोनांना समान आहेत, म्हणून तो याही फोनवर पोचतो. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात. देवनागरीत साधारणतः 70 जागाच मिळतात, आणि काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक जागा घेतात. ‘उद्या शाळेला सुट्टी’ यात 19 जागा जातात. आजींना मात्र फोनच करावा लागेल.