सहकाराचे माप कशाने घ्यावे?

सोसायटीत दूध मोजून घेतात, त्याची फॅटही पाहतात. पण सोसायटीचे स्वतःचे माप कोणते? उलाढाल मोठी म्हणजे सोसायटी चांगली, असे आपण सहज म्हणून जातो. तेवढ्याने भागत नाही.

नफ्याआधी माणूस पाहणाऱ्या सहकारी संस्था, पतपेढ्या, बचत गट यांच्या व्यवहाराला आता जगात सामाजिक व एकजुटीचे अर्थकारण म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाने एप्रिल २०२३ मध्ये त्यावर ठराव केला. नाव नवे, गोष्ट जुनी. वसईच्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली काढलेली पतपेढी म्हणजेच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. गिरगावात १९५९ साली ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. भोपाळला अयोध्या नगरासारख्या वस्त्यांत मिळणारे 'सांची' दूधही सहकारी संघांचेच.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सहकारी संस्थांची राष्ट्रीय नोंद खुली केली. तीत सुमारे ८ लाख संस्था आहेत. मात्र सभासदांची बेरीज जपून वाचावी. एकच शेतकरी विकास सोसायटी, दूध सोसायटी व बँक अशा तिन्ही ठिकाणी सभासद असला, तर तो तीनदा मोजला जातो. म्हणून संस्था व सभासद यांच्याबरोबर किती जणांना काम मिळाले आणि किती मोलाचे उत्पन्न झाले, हेही पाहावे लागते.

काही कष्ट तर कुठल्याच वहीत चढत नाहीत. आपली सावड घ्या. तीन घरची दोन-दोन माणसे दहा दिवस एकमेकांच्या लावणीला गेली, तर ६० दिवसांचे काम झाले. रोजाची मजुरी ४०० रुपये धरली, तर ते २४,००० रुपयांचे होते. घरात आजारपण आले असता शेजारी लावणी उरकून देतात, म्हणून मजुरीसाठी कर्ज काढावे लागत नाही. ही बचत कागदावर दिसत नाही. पण घर तिच्यावरच तरते.

महाराष्ट्रातील सभासदांनी वार्षिक सभेत पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. १०० रुपये कर्ज फेडीला आले, त्यातले वसूल किती? थकबाकी वाढली की ठेवी धोक्यात येतात.

२. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला का? कायदा तसे सांगतो. नफा ४०,००० असेल, तर निधीत १०,००० हवेत.

३. लाभांश १५ टक्क्यांच्या आत आहे ना? १,००० रुपयांच्या भागावर १५० हून अधिक देता येत नाही.

४. गिऱ्हाइकाच्या रुपयातले किती पैसे उत्पादकाच्या हाती पडतात?

५. सभेला किती सभासद आले, त्यांत बायका किती?

भाग कितीही असोत, मत एकच. म्हणून अहवाल हाती येताच आधी घरी वाचावा, आकडे ताडून पाहावेत आणि मगच सभेत हात वर करावा. अडचणीची चाहूल वेळीच लागली, तर संस्था सावरता येते. ठेवी अडकल्यावर फार उशीर झालेला असतो.