मुरमाची वाट आणि सायकल



आमच्या गावातून मोठ्या शाळेच्या गावाला जायला दोन वाटा आहेत. एक डांबरी सडक. ती फिरून जाते, पाच किलोमीटर पडते. तिच्यावर ट्रक, जीप आणि उसाचे ट्रॅक्टर सारखे धावतात. दुसरी वाट म्हणजे पाणंद. ती तीन किलोमीटर आहे. तिच्यावर बैलगाड्या, गुरे आणि शेताला जाणारी माणसे एवढीच असतात. गाड्यांची भीती नाही म्हणून सायकल चालवायला पाणंदच चांगली. ह्या वाटेची आणि सायकलची माहिती मी गुरुजींना, आजीला आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांना विचारून लिहिली आहे. काही गोष्टी मी स्वतः मोजल्या आहेत.

मुरूम म्हणजे काय?

आपला उदगीर तालुका बालाघाटच्या पठारावर आहे. ह्या पठाराचा खडक काळा आहे. गुरुजी म्हणतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि आतून तापलेला रस बाहेर आला. तो थंड होऊन हा खडक झाला. असे थरावर थर बसले.

हे बघायचे असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन नव्या विहिरीत डोकावून बघा. वर काळी माती दिसते. तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे असतात. त्याच्या खाली मुरूम आणि त्याच्याही खाली कठीण काळा दगड. ऊन, पाऊस आणि थंडीने दगड झिजतो, फुटतो आणि त्याची माती होते. मुरूम म्हणजे अर्धा दगड आणि अर्धी माती, बरं का! तो अजून पुरता माती झालेला नसतो.

बिदर आपल्यापासून लांब नाही. तिकडे जांभा दगड आहे, म्हणून तिकडची माती लाल दिसते. बिदरचा किल्ला त्याच जांभ्याचा बांधलेला आहे.

काळी माती वाटेला का चालत नाही?

काळी माती कापसाला, तुरीला, ज्वारीला फार चांगली. पण वाटेला वाईट. ती पाणी प्याली की फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. आमच्या रानात एका भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. पावसाळ्यात अशा वाटेने सायकल नेली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरतो आणि चाक फिरतच नाही. मग काडीने चिखल काढत बसावे लागते. दहा पावले गेले की परत भरतो.

मुरमाचे तसे नाही. त्यात बारीक खडे असतात आणि त्यांना धरून ठेवायला थोडी माती असते. पाणी मारून दाबला की तो घट्ट बसतो. पाऊस पडला तरी पाणी निघून जाते आणि वाट लवकर सुकते.

वाट कशी करतात?

आधी वरची काळी माती काढून टाकतात. मग मोठे दगड बसवतात. त्याच्यावर खडी, खडीवर मुरूम टाकतात. पाणी मारून रोलर फिरवतात. वाट मध्ये थोडी उंच आणि दोन्ही कडांना उतरती ठेवतात, कासवाच्या पाठीसारखी. त्यामुळे पाणी वाटेवर थांबत नाही, कडेच्या नालीत जाते. ओढा आडवा आला तर सिमेंटचे नळ टाकून नळकांडी पूल करतात.

आमची आजी रोलर यायच्या आधीचे सांगते. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. पीक गेले, विहिरी आटल्या. तेव्हा सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. आजी तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "आम्ही ह्याच माळावर बसून खडी फोडलाव माय. हाताला फोड आले. खायला सुकडी मिळायची." ह्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला. आपण ज्या वाटेने पळतो तिची खडी कुणीतरी हाताने फोडलेली आहे हे मला माहीत नव्हते.

चाकात हवा कशी आली?

पूर्वी सायकलच्या चाकाला भरीव रबर असे, त्याच्या आधी बैलगाडीसारखी लोखंडी धाव असे. खड्ड्यातून गेले की सगळे अंग हादरायचे. बेलफास्ट गावात जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी खडबडीत वाटेवर फार आदळायची. म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. हे १८८८ सालचे. खडा आला की हवेचे चाक त्याच्यावर थोडे दबते आणि पुढे जाते. म्हणून मुरमावर सायकल चालवता येते.

मी सायकल मोजली

आमच्या बाबांच्या सायकलच्या चाकावर मी चुन्याची खूण केली आणि शाळेच्या मैदानावर ढकलत नेली. चाक दहा वेळा फिरले तेव्हा २२ मीटर झाले. म्हणजे एका फेऱ्यात २ मीटर २० सेंटिमीटर. मग दाते मोजले. पायडलच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८. चैन एकच असल्यामुळे पुढचे ४४ दाते फिरले की मागचेही ४४ फिरतात. ४४ भागिले १८, म्हणजे पायडल एकदा फिरले की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मोठ्या शाळेपर्यंत तीन किलोमीटरला साडेपाचशेच्या वर पायडल मारावे लागतात. चालत पाऊण तास लागतो, सायकलवर वीस मिनिटांच्या आत पोचतो.

चालवताना काय काय पाळावे?

१) मोकळ्या मुरमावर जोरात वळू नये. खळ्यात सांडलेल्या ज्वारीवर पाय घसरतो तसे चाक घसरते.

२) उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबू नये. मागचा आधी दाबावा.

३) बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालावे. तिथली जमीन दाबून गुळगुळीत झालेली असते. पण चाकोरीतून बाहेर निघताना हळू निघावे, नाहीतर चाक अडकते.

४) गुरे आली तर लांबूनच घंटी वाजवावी आणि खाली उतरावे. देवणी बैल अंगाने मोठे असतात, बिचकले तर आवरत नाहीत.

५) कडेला सराटा आणि वेडी बाभूळ असते. मामा म्हणतात, त्यांची निम्मी पंक्चर सराट्याची. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात. जिथून बुडबुडे येतात तिथे भोक असते. ती जागा घासून, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवतात. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढावा. तो राहिला तर दुसऱ्या मिनिटाला परत पंक्चर!

६) पाय पुरत नसेल तर नळीखालून हाफ पायडल चालवावी, पण मागे कुणाला बसवू नये.

आता पालकांना एक विनंती

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. जून महिन्यात आम्हा सगळ्यांना पाचवीसाठी पलीकडच्या गावाला जायचे आहे. आमच्या गल्लीतल्या एका ताईचे नाव पाचवीत घातले होते. पावसाळ्यात पाणंद बंद झाली. सडकेने एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते. ती घरी राहिली ती राहिलीच. आता ती शेतात जाते. तिने मला तिची वही दिली आहे, तिच्यात पहिलीच चार पाने लिहिलेली आहेत.

सगळी पाणंद वाईट नाही. ओढ्याजवळचा एकच तुकडा काळ्या मातीचा आहे. तो मी सायकलच्या चाकाने मोजला. चाक ५० वेळा फिरले, म्हणजे ११० मीटर, फुटांत ३६०. दहा फूट रुंद आणि अर्धा फूट जाड मुरूम टाकला तर ३६० गुणिले १० गुणिले अर्धा, १८०० घनफूट होतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे फक्त १८ ब्रास! एका ट्रॉलीत सुमारे एक ब्रास बसतो असे बाबा म्हणाले. गावात कितीतरी ट्रॅक्टर आहेत. प्रत्येकाने दोन-तीन खेपा केल्या तर काम होईल. मुरूम काढायला तहसीलमधून परवानगी लागते, हे गुरुजींनी सांगितले.

शासनानेही २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. ग्रामसभेत आपल्या वाटेचे नाव द्यावे. पाणंद कुणाची यावरून भांडणे होतात. पण गावच्या नकाशात गाडीवाट दोन तुटक रेघांनी आणि पायवाट एका तुटक रेघेने दाखवलेली असते. नकाशा बघितला की भांडण मिटते.

मी हे सगळे मोजत होते तेव्हा आजी ओट्यावरून म्हणाली, "काय करुलालीस गं?" मी म्हटले, "पाचवीची तयारी." आई, बाबा, काका, मामा, पावसाच्या आधी तेवढा मुरूम टाका. सायकल आम्ही चालवू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी