कारखान्याच्या फाटकाबाहेरचा कार्बन

स्वीडनमधील सोडरटेल्ये येथे मुख्यालय असलेली आणि आज फोक्सवॅगन समूहात मोडणारी स्कॅनिया ही अवजड ट्रक व बस बनवणारी कंपनी आपल्या कार्बन उत्सर्जनाचा जो हिशेब मांडते, त्यातून संपूर्ण ट्रक उद्योगाच्या अडचणीचे मूळ स्पष्ट होते. या हिशेबातील ९० टक्क्यांहून अधिक उत्सर्जन कारखान्यात होतच नाही. विकलेली वाहने रस्त्यावर धावत असताना ते होते. कारखान्यातील भट्ट्या व स्वतःची वाहने यांचे थेट उत्सर्जन पहिल्या गटात, विकत घेतलेल्या विजेमागील उत्सर्जन दुसऱ्या गटात, तर कच्च्या मालापासून ग्राहकाने जाळलेल्या डिझेलपर्यंतचे उरलेले सारे तिसऱ्या गटात धरण्याची पद्धत जगभर रूढ आहे, आणि ट्रकच्या बाबतीत खरा भार या तिसऱ्या गटावरच पडतो.

एका ट्रकचा हिशेब मांडला म्हणजे हा भार किती मोठा आहे ते कळते. लांब पल्ल्याचा मालवाहू ट्रक शंभर किलोमीटरला ३० लिटर डिझेल घेतो आणि वर्षाला एक लाख किलोमीटर धावतो असे धरले, तर तो ३० हजार लिटर डिझेल जाळतो. एक लिटर डिझेलचे वजन एक किलोपेक्षाही कमी असते. मात्र जळताना त्यातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळत असल्याने त्यापासून २.६ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे सात-आठ टन वजनाचे ट्रॅक्टर-युनिट (ट्रकचा ट्रेलर ओढणारा पुढचा भाग) एका वर्षात सुमारे ८० टन, स्वतःच्या वजनाच्या दसपट, वायू हवेत सोडते.

कंपन्यांची उद्दिष्टे पॅरिस कराराशी सुसंगत आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २०२० मध्ये स्कॅनियाची उद्दिष्टे मान्य केली. २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत पहिल्या दोन गटांतील एकूण उत्सर्जन निम्म्यावर आणायचे आणि वाहनांच्या वापरातील उत्सर्जन दर किलोमीटरमागे २० टक्क्यांनी घटवायचे, असे त्यांचे स्वरूप होते. येथे ‘एकूण’ आणि ‘दर किलोमीटरमागे’ यांतील फरक नजरेआड करता येत नाही, कारण प्रत्येक ट्रक कमी इंधन घेऊ लागला तरी ट्रकची संख्या आणि फेऱ्या वाढल्या, तर उद्दिष्ट गाठूनही हवेतील कार्बन वाढतच राहतो. जेथे उत्सर्जन थोडे तेथे कडक माप आणि जेथे प्रचंड तेथे सैल माप, ही या उद्दिष्टांची दुबळी बाजू आहे.

अर्थात कंपनीने काहीच केले नाही असे नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या ‘सुपर’ इंजिनमालिकेने सुमारे ८ टक्के इंधनबचतीचा दावा केला. परंतु डिझेल इंजिनाची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यानंतर पुढे फारसा वाव उरत नाही, म्हणून विजेवरील ट्रक अपरिहार्य ठरतो. त्याची बॅटरी बनवताना इतका कार्बन खर्ची पडतो की कारखान्यातून बाहेर पडताना विजेचा ट्रक डिझेलच्या ट्रकहून अधिक ‘काळा’ असतो. ही उणीव धावताना भरून निघते, पण किती, हे विजेच्या स्रोतावर ठरते. स्कॅनियाने केलेल्या जीवनचक्र अभ्यासात, म्हणजे निर्मितीपासून भंगारापर्यंतच्या मोजणीत, युरोपच्या २०१६ मधील सरासरी विजेवर ३८ टक्के, तर हरित विजेवर ८६ टक्के घट दिसली.

हीच गोष्ट भारताच्या दृष्टीने कळीची आहे. व्यावसायिक वाहनांसाठी २०४५ पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट टाटा मोटर्सने जाहीर केले आहे, मात्र देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. शिवाय २०२० पासून लागू झालेले बीएस-६ मानक नायट्रोजनची ऑक्साइडे, सूक्ष्म कण यांसारख्या प्रदूषकांना आळा घालते. कार्बन डायऑक्साइडवर त्यात मर्यादा नाही. उलट युरोपीय संघाने नव्या अवजड वाहनांचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ आणि २०४० पर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे.

निर्मात्याच्या हाती सारे नसते, याचा अनुभव नागपूरने घेतला आहे. तेथे २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी बस धावू लागली आणि पुढे अशा बसचा ताफाही उभा राहिला; पण तंत्रज्ञान हाताशी असूनही २०१८ मध्ये ही सेवा बंद पडली. पर्यायी इंधनाची वाहने रस्त्यावर टिकवायची, तर इंधनाचा नियमित पुरवठा, वेळेवर देयके आणि वर्षानुवर्षे टिकणारे करार यांची जबाबदारी सरकार, पालिका आणि वाहतूकदार यांनाही उचलावी लागते.