रंगभूमीवरील श्लोक आणि रुपेरी पडदा

शूद्रकाच्या दहा अंकी ‘मृच्छकटिका’ची गंमत प्रसंगांइतकीच श्लोकांत आहे. गोविंद बल्लाळ देवलांनीं तें संगीत करून मराठींत आणिलें, तेव्हां श्लोकांचीं पदें झालीं; शब्दांचें राज्य मात्र टिकलें. पडद्यावर तें डळमळतें.

पांचव्या अंकांतील वादळ रंगमंचावर श्लोकच उभें करितात. पडद्यावर पाऊस प्रत्यक्ष कोसळत असतां तें वर्णन द्विरुक्ति ठरतें. सहाव्या अंकांत वसंतसेना चुकून भलत्याच गाडींत बसते. हा घोटाळा तर कॅमेऱ्याच्या हातचा मळ. शिरूर-दौंडच्या बाजाराची वाट तुडविलेल्या प्रेक्षकाला तो शब्दावांचून कळेल.

पण तिसऱ्या अंकांतला शर्विलक? भिंतीला भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचा तो गंभीर शास्त्रार्थ करितो आणि मापाची दोरी विसरल्यामुळें जानव्यानेंच मोजमाप घेतो. श्लोक गाळल्यास उरतो निव्वळ चोर.

१९८४ सालच्या ‘उत्सव’ या हिंदी चित्रपटांत गिरीश कर्नाडांनीं वात्स्यायनाचें पात्र नव्यानें घातलें. असें स्वातंत्र्य पटकथाकारास असावेंच. मात्र देखावा रंगविणारें पद्य कॅमेऱ्याच्या स्वाधीन करावें. स्वभाव उघडा करणारें पद्य, गद्यांत कां होईना, नटाच्या मुखीं राहूं द्यावें.