खोक्यावरची बारीक अक्षरं

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं, की दिवाळीच्या तोंडावर धड चालायलाही जागा मिळत नाही. रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव बाजाराने सोडलेलं नाही. दिल्लीला नेहरू प्लेस, बंगळुरूला एसपी रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसा मुंबईला हा रस्ता. दहावी-बारावी झालेली मुलं आणि त्यांच्यासोबत आलेले आईवडील हातात कोटेशनचा कागद घेऊन या गाळ्यातून त्या गाळ्यात जातात. कागदावर सात-आठ ओळी असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. खाली बेरीज. दोन दुकानांच्या बेरजेत तीन-चार हजारांचा फरक निघाला, की स्वस्तातल्या कागदावर शिक्कामोर्तब होतं.

हा फरक पुष्कळदा त्या ओळींत न लिहिलेल्या शब्दांमुळे पडलेला असतो. ‘आरटीएक्स ३०५०’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं ३०५०, ते नसतं. ‘१६ जीबी रॅम’ असते. एक स्टिक की दोन, ते नसतं. ‘४५० वॉट एसएमपीएस’ असतो. कोणत्या कंपनीचा, याचा पत्ता नसतो. दीड-दोन लाख खर्च करणाऱ्याचं अशा एखाद्या चुकीने फारसं अडत नाही. पन्नास-साठ हजारांत सगळं बसवणाऱ्याला मात्र यातला प्रत्येक शब्द महागात पडतो. म्हणून कमी बजेटच्या माणसाने भावापेक्षा आधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकावं.

त्याआधी एक प्रश्न घरीच सोडवून यायला हवा: खेळायचं काय आणि कोणत्या स्क्रीनवर? २०२० साली आलेला व्हॅलोरंट मुद्दाम हलका ठेवलेला गेम आहे. सेकंदाला १४४ फ्रेम मिळाव्यात म्हणून त्याच्या निर्मात्यांनी सुचवलेलं कार्ड होतं जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचं. दुसऱ्या टोकाला २०२३चा ॲलन वेक २ घ्या. त्याच्या किमान गरजांच्या यादीतच आरएक्स ६६००, १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. २०२४ अखेरीस आलेला इंडियाना जोन्सचा गेम तर रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाही. मित्रांबरोबर फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने ॲलन वेकच्या हिशेबाने कार्ड घेणं म्हणजे पैसे अडकवून ठेवणं. त्याला त्या पैशांत जास्त रिफ्रेश रेटचा मॉनिटर मिळेल आणि खेळताना त्याचा उपयोग रोज जाणवेल. उलट पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’सारखे गोष्ट सांगणारे, एकट्याने खेळायचे गेम आवडत असतील, तर ६० फ्रेमही पुरतात.

स्क्रीनचा हिशेब सरळ आहे. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेममध्ये कार्डाला पाऊणपट जादा काम. कमी बजेटमध्ये १०८०पीलाच थांबणं शहाणपणाचं.

आता ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटचा सगळ्यात मोठा वाटा, साधारण पस्तीस ते चाळीस टक्के, इथे जायला हवा. आणि फसगतही सगळ्यात जास्त इथेच होते. आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२मध्ये आलं तेव्हा त्यात ८ जीबी मेमरी, २५६० कोअर आणि १२८ बिटचा मेमरी बस होता. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं. त्यात कोअर २३०४ आणि बस ९६ बिटचा. मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ जीबीवर उतरला. खोक्यावरचं मोठं नाव तेच राहिलं, ‘६ जीबी’ ही अक्षरं तेवढी वेगळी. हे कार्ड टाकाऊ नाही. ते अवघ्या ७० वॉटवर चालतं, एसएमपीएसमधून वेगळी वायर मागत नाही, आणि त्याचा खरा उपयोग कुठे आहे ते पुढे येईल. पण मोठ्या ३०५०च्या भावात ते घेऊ नये.

याच पट्ट्यात एएमडीचं आरएक्स ६६०० अनेकदा दुर्लक्षित राहतं. ऑक्टोबर २०२१चं कार्ड, ८ जीबी मेमरी, १३२ वॉट. १०८०पीवर ते दोन्ही ३०५०ना स्पष्ट मागे टाकतं. दुकानात गिऱ्हाईक ‘आरटीएक्स’ हा शब्द मागतं, म्हणून दुकानदारही तोच पुढे करतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएसचा, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणाऱ्या सोयीचा, फायदा खरा आहे आणि व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम करणाऱ्यांनी तिकडे वळावं, हेही खरं. पण निव्वळ गेमसाठी, मोजक्या पैशांत, केवळ नावासाठी हळू कार्ड घरी नेण्यात अर्थ नाही. इंटेलचं डिसेंबर २०२४मध्ये आलेलं आर्क बी५८० बारा जीबी मेमरी देतं, म्हणून मोह होतो. मात्र त्यासाठी मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार ही सोय चालू असावी लागते. जुन्या बोर्डावर ती नसेल तर हे कार्ड अडखळतं.

प्रोसेसरच्या बाबतीत एका आकड्याने काय होतं, ते रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० यांच्याकडे पाहून कळतं. दोन्ही एप्रिल २०२२चे, दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड, दोन्ही ६५ वॉटचे. पण ५६००मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे, ५५००मध्ये १६. गेमना कॅश फार लागते. शिवाय ५५०० पीसीआयई ३.०वर थांबतो, ५६०० पीसीआयई ४.० देतो. आता याला आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड जोडून पाहा. या कार्डाला प्रोसेसरशी बोलायला फक्त चार लेन दिल्या आहेत आणि मेमरी ४ जीबी. पीसीआयई ३.०वर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो; मेमरी भरली की गेम झटके खायला लागतो. म्हणजे ५५०० स्वस्त, ६५०० एक्सटीही स्वस्त, पण दोघांची जोडी वाईट. कोटेशनची प्रत्येक ओळ वेगवेगळी बघणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

इंटेलच्या नावांतलं ‘एफ’ हे अक्षरही असंच. कोअर आय३-१२१००एफ हा चार कोअर, आठ थ्रेडचा प्रोसेसर २०२२पासून कमी बजेटवाल्यांचा आधार आहे. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. त्यामुळे तो स्वस्त पडतो. पण ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं, तर तेवढे दिवस अख्खा पीसी बंद. रायझन ५ ५६००मध्येही ग्राफिक्स नाही. ज्या घरात त्याच पीसीवर अभ्यास आणि ऑफिसचं कामही होतं, तिथे याचा विचार करावाच. रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे. आज कार्डाशिवाय पीसी उभा करायचा, हलके गेम खेळायचे आणि पुढच्या दिवाळीला कार्ड टाकायचं, हा रस्ता अनेकांनी यशस्वीपणे वापरला आहे. त्याची किंमतही ठाऊक असावी: कॅश पुन्हा १६ एमबी, पीसीआयई पुन्हा ३.०.

हा रस्ता धरणाऱ्याने रॅमच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नये. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहून नेते. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये लावल्या की ५१.२. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, आणि चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्रासकट दिलेलं असतं. जोडणारा घाईत असला, की स्टिक शेजारी-शेजारी लागतात आणि अर्धा वेग तिथेच जातो.

रॅमच्या भावाने मात्र सगळी जुनी गणितं मोडली आहेत. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढत गेली तसा त्यांनी कारखान्यांचा मोठा भाग तिकडे वळवला आणि २०२५च्या अखेरीस किरकोळ बाजारात रॅमचे भाव भडकले. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशल या नावाने चालणारा ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. भारतात त्या भावावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून घरी जुना डीडीआर४चा पीसी पडला असेल, तर त्याची रॅम काढून नव्या बोर्डाला लावता येते का, हे आधी बघावं. एएमडीच्या एएम५ बोर्डांना डीडीआर५च लागते. एएम४ आणि इंटेलच्या बाराव्या पिढीचे अनेक बोर्ड डीडीआर४वर चालतात. या घडीला जुनं वाटणारं एएम४ त्याचमुळे पुन्हा कामाचं ठरतं.

पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस हा दिसायला सगळ्यात नीरस भाग. पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि ती लागू नये. त्याच्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावरचा ‘४५० वॉट’ हा मोठा आकडा सोडून ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखालचे अँपिअर वाचावेत, कारण प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. तिथे ३४ अँपिअर असतील, तर १२ गुणिले ३४ म्हणजे ४०८ वॉट. तिथे १८च असतील, तर २१६ वॉट. मग वर ४५० छापलेलं असो की ५००. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० मिळून पूर्ण भारावर साधारण दोनशे-सव्वादोनशे वॉट घेतात, बाकीचे भाग वेगळे. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा खरा ४५० किंवा ५५० वॉटचा पुरतो. साडेसातशेची गरज नाही. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. वॉरंटी पाच वर्षांची असेल, तर तो जास्त भरवशाचा पुरावा.

घरातलं वायरिंग जुनं असेल, तर प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर उत्तर मिळालंच. लोडशेडिंग असलेल्या गावात यूपीएस लागतोच. पण ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो आणि त्यात मॉनिटरही धरायचा असतो. वीज गेल्यावर गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता तो आहे, खेळत राहण्यासाठी नव्हे.

कॅबिनेट घेताना समोरून काच की जाळी, एवढंच पाहावं. चंद्रपूर, अकोला, जळगावला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, आणि खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा पंखा कुठून आणणार? समोर अखंड काच आणि मागे रंगीत दिवे असलेली कॅबिनेट तिथे कार्डाला गुदमरवते. जाळीची साधी कॅबिनेट आणि दोन-तीन पंखे जास्त काम देतात. दिव्यांचे पैसे कार्डात घालावेत.

जुन्या मालाबद्दल सरसकट ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ म्हणता येत नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग थांबलं आणि राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतली पुष्कळ अजून हातोहात फिरत आहेत. आरएक्स ५८० घेताना तर फार जपावं: ‘२०४८एसपी’ अशी शेपटी असलेलं कार्ड प्रत्यक्षात आरएक्स ५७०च्या बांध्याचं आहे, खऱ्या ५८०मध्ये २३०४ प्रोसेसर असतात. जुन्या चिपला नवं नाव चढवलेली बनावट कार्डंही विकली जातात. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असं स्पष्ट लिहून दाखवतो. पैसे देण्याआधी तो विक्रेत्यासमोर चालवावा आणि अर्धा तास एखादा जड गेम सुरू ठेवावा.

कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे पीसी हा दुसरा स्वस्त मार्ग. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२०सारखी चपटी पेटी थोडक्यात मिळते. तिचा एसएमपीएस २५५ वॉटचा आणि खास मापाचा, त्यामुळे मोठं कार्ड चालत नाही. मघाचं ७० वॉटचं ३०५० इथे उपयोगी पडतं. त्याचं कमी उंचीचं मॉडेल या पेटीत बसतं का, ते मोजून घ्यावं. अडचण वेगळीच आहे. हे चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं; या पेट्यांमध्ये टीपीएम २.० नसतं. ऑफलाइन गेमसाठी ठीक, व्हॅलोरंटसाठी आठव्या पिढीच्या खाली उतरू नये.

पीसी जोडून घरी आला, की तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटरही ६०वर चालत राहतो. आणि बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी हे सेटिंग चालू करावं, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वरच धावते. तिन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव व सिरियल नंबर दुकानातच लिहून घ्या. प्रोसेसर खोक्यासकट मागा, कारण सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा मिळत नाही. कार्डावर भारतातल्या वितरकाची वॉरंटी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. दुकानदार हे लिहून द्यायला तयार नसेल, तर शेजारच्या गाळ्यात जा. लॅमिंग्टन रोडवर दुकानांची कमी नाही.