पेडल दाबलं की आवाज जातो

गिअरबॉक्सचं बेअरिंग एका दिवसात जात नाही. आधी बारीक घुंघुं सुरू होते, मग तिची घरघर होते. ड्रायव्हरचे कान त्या आवाजाला हळूहळू इतके सरावतात की त्याला तो ऐकूच येत नाही. मागच्या सीटवरचा एखादा नवखा पॅसेंजरच विचारतो, "भाऊ, हा आवाज कायचा येऊन राह्यला?"

जामसांवलीच्या वाटेवर धावणाऱ्या एका जुन्या बोलेरोचं असंच झालं. मंगळवार-शनिवार ती निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या सेवेत, हंगामात संत्र्याच्या बागांकडे मजूर पोचवण्यात, आणि मधल्या दिवसांत सौंसर ते छिंदवाडा. या शेवटच्या फेरीत रामाकोना ओलांडलं की सिल्लेवानीचा घाट लागतो. भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढते आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. 2023 साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, सौंसर त्यात गेलं. तरी मोठ्या कामासाठी या गाड्यांची धाव छिंदवाड्याकडे नाहीतर नागपूरकडेच असते. ही गाडी मात्र सौंसरच्याच एका मिस्त्रीकडे आली. तिच्यासोबत मीही दिवसभर तिथे होतो.

मला वाटलं होतं, गाडी आली की पाने निघतील. मिस्त्रीने एकही पाना काढला नाही. ड्रायव्हरला आत बसवून इंजिन सुरू करायला लावलं, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि स्वतः बॉनेटजवळ उभा राहिला.

"क्लच दाब."

घरघर थांबली.

"सोड."

परत आली.

"पुन्हा दाब, आन् दाबूनच ठेव." बराच वेळ ऐकल्यावर म्हणाला, "क्लच बेअरिंगचं काम नाही हे. ते असतं त दाबल्यावर वरडलं असतं. हे दाबल्यावर चूप होते."

या दोन वाक्यांत अर्धं निदान झालं होतं. क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिनची फिरकी इनपुट शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये शिरते. तिथून ती खालच्या काउंटर शाफ्टला मिळते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली तरी हे दोन्ही शाफ्ट फिरत असतात; चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट तेवढा स्थिर असतो. पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो आणि इनपुट शाफ्ट थांबतो. म्हणून पेडल दाबल्यावर जो आवाज जातो तो इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि दाबल्यावर जो सुरू होतो तो बहुधा क्लच रिलीज बेअरिंगचा. उभ्या गाडीत मुळीच न येणारा, पण गाडी धावताना वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल तर मेन शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंगं तपासायची. वळणावर गाडीचा भार एका अंगाला गेल्यावर तो बदलला तर चाकाकडे बोट दाखवायचं.

दोघांपैकी कोणता शाफ्ट, हे ठरवायला मिस्त्रीने गाडी रस्त्यावर काढली. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बहुतेक वेळा डायरेक्ट असतो: इनपुट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात, काउंटर शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर ओझं नसतं. चौथ्यात आवाज दबला तर काउंटर शाफ्टवर संशय घ्यायचा. आमचा आवाज तिसऱ्यात होता तसाच चौथ्यात राहिला. परत आल्यावर त्याने लांब पेचकसाची दांडी गिअरबॉक्सला टेकवली आणि मूठ कानाशी धरली. मागून पुढे सरकत बेल हाउसिंगच्या जोडापाशी आला आणि मान हलवली. मलाही ऐकवलं. मागच्या बाजूला नुसती गुणगुण होती. पुढे मात्र वाळू दळल्यासारखी खरखर.

मग ऑइल. गिअरबॉक्सच्या कडेचा भरायचा बोल्ट काढून त्याने बोट आत घातलं. ऑइल भोकाच्या काठाशी लागलं, म्हणजे पातळी बरोबर होती. खालचा ड्रेन बोल्ट काढला. त्याच्या टोकाशी चुंबक असतो. त्यावर काळी लोण्यासारखी लुकण थोडीफार असायचीच, ती नेहमीची झीज. या बोल्टवर मात्र चकचकीत कपच्याही होत्या, नखावर घेतल्या तर टोचणाऱ्या. "हे पोलाद आहे," मिस्त्री म्हणाला. पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलला सोनेरी झाक आली असती, आणि ती झाक चुंबकाला चिकटली नसती.

उतरवण्याचं काम मेहनतीचं, पण सांगण्यासारखं त्यात थोडंच. बॅटरीची तार सोडली, गिअरची दांडी, प्रोपेलर शाफ्ट, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर निघाला. खालून जॅकचा आधार देऊन बेल हाउसिंगचे बोल्ट काढले. गिअरबॉक्स मागे ओढताना मिस्त्री एकदाच पोराच्या अंगावर ओरडला, कारण पोराने त्याचं वजन क्षणभर इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिलं होतं. त्याने क्लच प्लेट वाकते.

पुढचं कव्हर काढलं, सर्क्लिप सोडली, शाफ्ट बाहेर आला, पुलरने बेअरिंग निघालं. डिझेलने धुऊन त्याने ते बोटावर फिरवलं. अडखळत, कुरकुरत थांबलं. बदलायचं हे ठरलेलंच होतं; तरी त्याने छिन्नीने जाळीचे रिव्हेट उडवले, गोळ्या एका बाजूला सारून आतली रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावर धावतात ते कडं, सोडवली आणि दोन्ही रेस उन्हात धरल्या.

खोबणीत ठरावीक अंतरावर बारीक खड्डे होते, जितक्या गोळ्या तितके. एकाभोवतीचं पोलाद पापुद्र्यासारखं सुटलं होतं. चुंबकावरच्या कपच्या तिथल्याच. त्याहून बोलकी होती खड्ड्यांची जागा. ते खोबणीच्या मधोमध नव्हते, सगळे एका अंगाला सरकलेले होते.

"आधी कोनी बदललं होतं हे?"

ड्रायव्हरने मागच्या वर्षीची दुरुस्ती सांगितली.

"बाहेरच्या रेसवर हातोडा मारून चढवलं त्याने."

शाफ्टवर घट्ट बसते ती आतली रेस. चढवताना जोर तिच्यावरच द्यायचा. बाहेरच्या रेसवर ठोकलं तर तो सगळा मार गोळ्यांमधून आतल्या रेसपर्यंत जातो आणि प्रत्येक गोळी आपला ठसा उमटवते, तोही ज्या दिशेने ठोकलं त्या बाजूला. त्या दिवशी गाडी गुपचूप निघून जाते. पुढे प्रत्येक फेऱ्याला गोळ्या त्या खड्ड्यांवरून जातात, कडा फुटतात, पापुद्रे निघतात. आवाज यायला महिने लागतात, तोवर दोष घाटावर किंवा कंपनीवर ढकलून झालेला असतो.

नवं बेअरिंग आणायला नंबर पुरतो. 6306 म्हटलं तर शेवटच्या 06 ला पाचाने गुणायचं: आतलं भोक 30 मिलिमीटर. त्याचा बाहेरचा व्यास 72, जाडी 19. पुढे सी 3 लिहिलेलं असेल तर गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. तापून फुगणाऱ्या जागी ती लागते. मिस्त्री डबीपेक्षा रेसवरचं कोरीव काम निरखतो, कारण बाजारात नकली मालही नामी डबीतून येतो.

बसवताना त्याने पाइपचा एक तुकडा काढला, काटकोनात कापलेला, शाफ्टवरून जाईल आणि फक्त आतल्या रेसवर टेकेल एवढा. बेअरिंग त्याआधी तेलाच्या भांड्यात तारेला टांगून गरम केलं होतं. शंभर-एकशेदहा अंश पुष्कळ झाले; गॅसची ज्योत थेट दिली तर पोलादाचा कडकपणा जातो. प्रेसचा दांडा दोनदा खाली आला आणि बेअरिंग खांद्याला टेकलं. मग शाफ्ट गिअरबॉक्सच्या घरात बसवताना त्याने पाइप बदलला, कारण तिथे जोर बाहेरच्या रेसवर द्यायचा असतो. नवी ऑइल सील, नवं गॅस्केट, बाकीची बेअरिंगं हाताने फिरवून खात्री, आणि शेवटी कडेच्या भोकातून वाहू लागेपर्यंत ऑइल.

संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा ड्रायव्हर कुरकुरला, बेअरिंगपेक्षा मजुरी किती तरी जास्त. मिस्त्रीने जुनी बाहेरची रेस त्याच्या हातात ठेवली. "मागच्या खेपेले मजुरी कमी दिली असशील," तो म्हणाला. ड्रायव्हरने अंगठा खोबणीतून फिरवला, खड्डे मोजले आणि खिशातून पैसे काढले.